तळव्याचा स्पर्श आणि आपली चाल: तपासावे कसे, जपावे कसे

तूर कापून नेलेल्या वावरातून चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. तो खाली पाहत नाही, तरीही धसकटावर पूर्ण भार टाकत नाही. चवड्याला टोक लागताच त्याचे पाऊल किंचित वळते, भार बाहेरच्या कडेवर जातो आणि चाल न मोडता तो पुढे निघतो. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते आणि नंतर विचारले, तर त्याला त्यातले काही आठवतही नाही. चालणे म्हणजे गुडघ्यांचे आणि मांड्यांचे काम, असे आपण समजतो. परंतु पायांतल्या स्नायूंना पुढचे पाऊल कसे टाकायचे हे सांगणाऱ्या खबरींपैकी पुष्कळशा तळव्याच्या कातडीतून निघतात. ही खबर शाबूत आहे की नाही हे घरी कसे पाहावे, शाबूत असेल तर कशी जपावी आणि उणी झाली असेल तर काय बदलावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

त्याआधी आपल्या भागातल्या एका समजुतीबद्दल बोलणे भाग आहे. लातूर, बीड, परभणीकडच्या एखाद्या साठीच्या शेतकऱ्याला तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा संध्याकाळपर्यंत कळला नाही, तर घरचे लोक म्हणतात, "पाय रापलेत, घट्टे पडलेत, कळायचं कसं?" फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडले तरी मी सावध होतो. घट्टा हे कळेनासे होण्याचे कारण बहुधा नसते. 2019 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनिया आणि अमेरिका येथील लोकांच्या तळव्यांची तुलना केली होती. जे अनवाणी चालत होते त्यांच्या तळव्यांचे घट्टे जाड होते, पण चालताना लागणारी स्पर्शाची जाणीव त्या जाडीमुळे कमी झालेली आढळली नाही. घट्टा कडक असल्यामुळे वरचा दाब आणि कंप तो आतल्या थरापर्यंत पोहोचवतो. मऊ गादीसारखा तो जाणीव गिळून टाकत नाही. तेव्हा काटा कळत नसेल, तर बोट कातडीकडे न दाखवता आतल्या नसेकडे दाखवले पाहिजे. येथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, तर संवेदना वाहून नेणारी चेता.

तळवा नेमके काय सांगतो

तळव्याच्या कातडीत स्पर्श टिपणारी चार प्रकारची सूक्ष्म टोके असतात आणि ती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नावांनीच ओळखली जातात. मर्केलची टोके दाब किती वेळ आणि कोठे आहे हे सांगत राहतात. माइसनरची टोके कातडीवरून काही सरकले किंवा हलके टेकले की लगेच बोलतात आणि लगेच गप्प होतात. रुफिनीची टोके कातडी कोणत्या बाजूला ताणली जाते आहे हे कळवतात. उतारावर किंवा निसरड्यावर पाऊल घसरू लागते तेव्हा ती कामी येतात. पॅसिनीची टोके सर्वांत खोल असून त्यांना कंप कळतो. शेजारून ट्रॅक्टर गेल्यावर उभ्या माणसाला पायाखालची जमीन थरथरलेली जाणवते, ती यांच्यामुळे.

2002 मध्ये कॅनडातील दोन संशोधकांनी जिवंत माणसाच्या तळव्यातून येणाऱ्या अशा 104 तंतूंचे संदेश सुईसारख्या बारीक विद्युताग्राने टिपले. त्यातून दोन उपयोगाच्या गोष्टी कळल्या. हाताची टोके बोटांच्या शेंड्यांशी गर्दी करतात, तशी गर्दी पायात नसून ती सगळ्या तळव्यावर पसरलेली आहेत. दुसरे म्हणजे पाय हवेत असताना हे तंतू गप्प असतात. पाऊल टेकले की बोलायचे आणि उचलले की थांबायचे, या त्यांच्या रीतीमुळेच पाय जमिनीवर आहे की नाही हे मेंदूला निराळे विचारावे लागत नाही.

हे संदेश घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडाच्या उंचवट्यामागून वर जाणाऱ्या मोठ्या चेतेतून पोटरीत, तेथून मांडीमागून कमरेच्या मणक्यांपर्यंत जातात. अंतर साधारण एक मीटरचे आणि स्पर्शाच्या जाड तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर धरला, तर खबर पाठीच्या कण्यात पोहोचण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. मेंदूने विचार करून हुकूम सोडण्यापूर्वीच कण्यातून काही दुरुस्त्या निघतात, त्या यामुळे.

आता एका पावलाचा प्रवास पाहू. प्रथम टाच टेकते आणि टाचेची कातडी सांगते की जमीन आली, ती किती कडक आहे आणि भार किती वेगाने आला. मग भार पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, तेथून आडवा चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठा जमीन मागे ढकलतो. चालण्याच्या एका पूर्ण चक्रात एक पाय सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो. जमिनीवरच्या त्या वेळात तळव्यावर दाबाची एक लाट मागून पुढे जाते आणि ती कोठवर आली यावरून पोटरीने केव्हा जोर लावायचा हे ठरते.

ही खबर बंद केली तर काय होते, हे पाहण्यासाठी कॅलगरी येथे एक सोपा प्रयोग झाला. निरोगी माणसांच्या तळव्याचा काही भाग बर्फाने बधिर करून त्यांना चालवले. स्नायू, हाडे, डोळे सगळे जिथल्या तिथे होते. तरीही त्यांचा भार बधिर भागाकडून जाणत्या भागाकडे सरकला. शरीराला जेथून खबर येत नाही, तेथे टेकायला ते कचरते. मधुमेही माणसाचे पाऊल हळूहळू वेडेवाकडे पडू लागते, त्यामागे हेही एक कारण असते.

याहून मोलाचा धडा माँट्रियल येथील मांजरांवरच्या अभ्यासातून मिळतो. मागच्या पंजांच्या कातडीच्या चेता तोडल्यावर ती मांजरे काही दिवसांनी सपाट पट्ट्यावर पुन्हा ठीक चालू लागली, पण आडव्या शिडीच्या पायऱ्यांवर नीट चालणे जमायला त्यांना कित्येक आठवडे लागले. माणसाचेही तसेच आहे. घरातल्या शहाबादी फरशीवर चालणाऱ्या आजोबांकडे पाहून त्यांच्या तळव्याची परीक्षा होत नाही. त्यांना भेगाळलेल्या काळ्या रानात, ढेकळांत किंवा विहिरीच्या पायऱ्यांवर पाहिले पाहिजे.

पहिली पायरी: चाल आणि चप्पल पाहणे

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी करावी आणि ती घरातल्या माणसाने करावी, कारण जाणीव कमी झालेल्याला ती कमी झाल्याचे कळत नाही. वर्षानुवर्षे हळूहळू विझणाऱ्या दिव्याचा अंधार आतल्या माणसाला जाणवत नाही, तसे ते असते.

पहिला प्रश्न चपलेचा. चालता चालता चप्पल निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी सांगितले, असे कधी झाले का? या एका प्रश्नाने मला जितकी माहिती मिळते, तितकी कधी कधी रिपोर्टांच्या फायलीतून मिळत नाही. दुसरा प्रश्न तोंड धुण्याचा. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का, मोरीच्या भिंतीला हात टेकावा लागतो का? डोळे उघडे असताना नजर तळव्याची उणीव भरून काढते. डोळे मिटले की ती उणीव उघडी पडते. त्याच कारणाने वीज गेल्यावर किंवा पहाटे शेताला पाणी द्यायला जाताना पाय चाचपडतात का, हेही विचारावे. तिसरा प्रश्न पायाखाली कसे वाटते हा. आमच्याकडे लोक याचे फार नेमके उत्तर देतात: "पायाखाली कापूस हातरल्यावानी वाटतंय." कापूस पिकवणाऱ्या मुलखातील ही उपमा वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांतील वर्णनाशी जवळजवळ शब्दशः जुळते. मुंग्या, आग, सुया टोचणे, हे सगळे ऐकून घ्यावे. पण काहीच त्रास न होता नुसते कळेनासे होणेही तितकेच गंभीर आहे आणि त्याबद्दल आपण होऊन कोणी सांगत नाही.

नंतर त्या माणसाला अंगणात वीस-पंचवीस पावले जाऊन परत येण्यास सांगावे. तो सतत पायांकडे पाहत चालतो का, पाय नेहमीपेक्षा फाकवून टाकतो का, आणि पाऊल टेकवण्याऐवजी आपटतो का? आपटणाऱ्याला आपण उगीच रागीट म्हणतो. प्रत्यक्षात जमीन आल्याची खबर मिळावी म्हणून तो नकळत जोर लावत असतो. शेवटी चप्पल उलटी करून पाहावी. एका चपलेची टाच किंवा चवड्याखालचा एकच गोल भाग दुसरीपेक्षा फार झिजला असेल, तर त्याची नोंद ठेवावी.

दुसरी पायरी: बोटाच्या स्पर्शाची चाचणी

इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी तयार केलेली आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी घरी करता येते. तिला केवळ तर्जनी लागते, तरीही ती नीट केली तर डॉक्टरांच्या उपकरणाच्या जवळपास जाणारे उत्तर देते. ती नीट केली जात नाही, हीच अडचण आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

ज्याची तपासणी करायची त्याला मोजे काढून बाजेवर पाय लांब करून निजवावे. थंडीत पाय गार पडले असतील, तर आधी पांघरुणाखाली ऊब येऊ द्यावी. त्याचा उजवा पाय धरून "हा उजवा", डावा धरून "हा डावा" असे एकदा सांगावे आणि डोळे मिटण्यास सांगावे. स्पर्श जाणवला की त्याने "उजवा" किंवा "डावा" एवढेच म्हणायचे. मग आपल्या तर्जनीचा शेंडा त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला पिसासारखा हलका एक ते दोन सेकंद टेकवायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, चोळायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि शेवटी डावे मधले बोट. एकूण सहा जागा आणि प्रत्येक जागी एकच स्पर्श. उत्तर आले नाही, तर ती जागा कळली नाही असे लिहायचे. पुन्हा हात लावून संधी द्यायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक जागा कळल्या नाहीत, तर जाणीव कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

घरोघर होणारी चूक म्हणजे प्रत्येक स्पर्शाबरोबर "कळतंय का?" असे विचारणे. असे विचारले की सासरे सुनेला नाराज करत नाहीत आणि सहाच्या सहा जागी "हो" म्हणतात. चाचणी करणाऱ्याने तोंड बंद ठेवावे. मधूनच स्पर्श न करता पाच-सात सेकंद थांबावे. तेवढ्यात "उजवा" असे उत्तर आले, तर तो अंदाजाने सांगतो आहे हे कळते.

डॉक्टरांकडे गेल्यावर तीन गोष्टी मागून घ्याव्यात, कारण गर्दीच्या वेळी साखर तपासली जाते आणि पाय चपलेतच राहतात. पहिली, 10 ग्रॅमच्या नायलॉन धाग्याची तपासणी. हा धागा तळव्यावर टेकवला की ठरावीक दाबाला वाकतो आणि तेवढा दाबही न कळणाऱ्या पायाला जखमेचा धोका असतो. तो अंगठ्याखाली आणि चवड्यावरच्या जागांवर लावतात, घट्ट्यावर लावत नाहीत. दुसरी, 128 हर्ट्झच्या कंपनकाट्याने, म्हणजे ठोकल्यावर थरथरत राहणाऱ्या धातूच्या दुशाखी काट्याने, अंगठ्याच्या हाडावर कंपाची तपासणी. वयाबरोबर कंपाची जाणीव थोडी कमी होतेच, पण ती पूर्ण जाणे वेगळे. तिसरी, घोट्यामागच्या घोडशिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर, हातोडीने ठोकून पाहिलेली प्रतिक्षिप्त क्रिया.

घरी तोलाची आणखी एक पारख करता येते. बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेल्या लक्षणावर ती आधारलेली आहे. खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर जड खुर्ची, अशा जागी पाय जुळवून उभे राहावे. आधी डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट, मग मिटून अर्धा मिनिट. डोळे उघडे असताना स्थिर असलेला माणूस मिटल्यावर फार डोलू लागला किंवा त्याला पाऊल टाकावे लागले, तर पायांकडून येणारी खबर अपुरी आहे. थोडे डोलणे सर्वांनाच येते. शेजारी हात पुढे करून धडधाकट माणूस उभा असल्याशिवाय ही पारख करू नये आणि ज्याला डोळे उघडे ठेवूनही उभे राहता येत नाही, त्याची तर मुळीच करू नये.

कारणे

सर्वांत जास्त आढळणारे कारण मधुमेह आहे. त्यात सर्वांत लांब चेता आधी दुखावतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी ती वर सरकते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत नेहमी दिसते आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत तिची शक्यता आणखी वाढते. रक्ततपासणीने ती कळते आणि वेळेवर भरून काढली तर पुष्कळ सुधारणा होते. दारूने आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारानेही असेच होते. कुष्ठरोगात कातडीवर न कळणारा चट्टा उठतो आणि घोट्याजवळची चेता सुजते. त्याचे बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बधिरपणा एकाच पायात असेल आणि कमरेतून कळ येत असेल, तर मणक्याकडे पाहावे लागते. बधिरपणा अचानक आला, सोबत पायातला जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

जाणीव शाबूत असेल तर

अशा माणसाने तळव्याला काम द्यावे. दिवसभर जाड, मऊ तळाच्या सँडलमध्ये बंद असलेल्या पायाला सांगण्यासारखे काही मिळत नाही. वृद्धांवर झालेल्या प्रयोगांत तोल सांभाळण्यासाठी जाड मऊ तळापेक्षा पातळ आणि घट्ट तळ बरा ठरला आहे. सकाळी स्वच्छ झाडलेल्या अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे अनवाणी चालणे एवढ्यावरही सुरुवात होते. सराटे आणि काचा आहेत का हे आधी पाहावे, हे सांगण्याची गरज नसावी.

यापुढचा सराव मी तीन टप्प्यांत करायला सांगतो. पहिले दोन आठवडे तो खुर्चीवर बसून करायचा. एका परातीत ज्वारी, दुसरीत हरभरे, खाली एकीकडे गोणपाट, दुसरीकडे सतरंजी आणि मध्ये उघडी फरशी ठेवावी. डोळे मिटून एकेका पायाखाली काय आहे हे ओळखावे आणि कोणीतरी परातींची अदलाबदल करत राहावे. ज्वारी आणि हरभरा सहज ओळखू येतात. ज्वारी आणि बाजरी ओळखायला लावली की लक्ष खरे तळव्याकडे जाते. सगळे मोल त्या लक्षाचे आहे, धान्यावर पाय घासण्याला नाही. दररोज पाच-सात मिनिटे पुरतात. नातवंडांना हा खेळ आवडतो आणि आजीपेक्षा ती जास्त चुकतात, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या टप्प्यात स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून उभे राहावे. भार हळूहळू टाचेवर, मग बाहेरच्या कडेवर, मग चवड्यावर, मग अंगठ्यावर नेत एक मंद वर्तुळ पूर्ण करावे आणि प्रत्येक जागी दाब कोठे आहे हे मनात म्हणावे. मग चवड्यांवर उंच होऊन सावकाश खाली यावे, दहा वेळा. एका पायावर उभे राहणे याच्या नंतर, आणि तेही एक बोट ओट्यावर ठेवून.

तिसऱ्या टप्प्यात चालणे येते. फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध ही रेघ समजून तिच्यावर एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत भिंतीलगत दहा पावले जावे. ते जमल्यावर वाटेत गोणपाट, चौघडी केलेली सतरंजी आणि पातळ उशी पसरून तीच वाट चालावी, म्हणजे प्रत्येक पावलाखाली निराळी जमीन येईल. डोळे मिटून चालण्याचा सराव घरी कोणीही करू नये.

बाजारात टोकदार उंचवट्यांच्या ॲक्युप्रेशर चपला मिळतात. त्यांच्याबद्दल मला विशेष उत्साह नाही. रोज तेच टोक त्याच जागी टोचत राहिले की कातडी त्याला सरावते. याउलट कॅनडात 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धांच्या बुटातील पट्टीच्या कडेला बारीक उंचवटा दिला होता. भार पावलाच्या कडेला पोहोचला तरच तो जाणवत असे आणि त्याने कडेकडचा तोल सुधारला. वेळेवर मिळणारी खबर कामाची असते, सततची टोचणी नव्हे.

जाणीव कमी झाली असेल तर

येथे वरचा बराचसा सल्ला उलटा होतो. अनवाणी चालणे पूर्ण बंद; घरात, अंगणात आणि न्हाणीघराच्या वाटेवरही. बधिर तळव्याला अनवाणी चालवून जाग येत नाही आणि मेलेला चेतातंतू ज्वारीवर उभे राहून परत उगवत नाही. नजर, हात, पादत्राण आणि उरलेली जाणीव यांच्या जोरावर चाल सावरणे, हे येथले काम आहे.

पादत्राणात एक पेच आहे. तोलासाठी पातळ तळ चांगला, पण बधिर कातडीला दाबापासून वाचवण्यासाठी गादी हवी. दोन्ही एकदम साधत नाहीत. अशा वेळी कातडी वाचवणे आधी. पायाला लागणारा आतला थर मऊ आणि जमिनीला लागणारा बाहेरचा थर काटा न शिरणारा, असा जोड हवा. दक्षिण भारतात वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय पाहून हे दाखवून दिले की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजतो. त्यांच्या काळात तेथे मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या चपला घडल्या. आज एमसीआर चप्पल या नावाने त्या ओळखल्या जातात आणि मधुमेहींनाही उपयोगी पडतात. चपलेला मागे टाचेचा पट्टा असावा आणि अंगठ्यातला पट्टा नसावा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा सुटावी. घालण्यापूर्वी दर वेळी हात आत घालून चाचपावे; खडा, खिळा किंवा कुसळ हाताला कळते, पायाला कळणार नाही.

रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. वाकता येत नसेल, तर स्टीलचे चकचकीत ताट खाली धरावे किंवा मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहावा. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात आणि चेता दुखावल्या की घामही कमी होतो, त्यामुळे भेगा पडतात. खोबरेल किंवा मलम रोज लावावे, पण बेचक्यांत नाही. बधिर पायावरचा घट्टा हा तेथे दाब जास्त पडतो आहे याची खूण असतो आणि त्याच्याखाली जखम लपू शकते. तो ब्लेडने तासू नये, कुरुपावर कापडाच्या पट्टीचे औषध चिकटवू नये. आंघोळीचे पाणी कोपराने तपासावे. थंडीत शेगडीजवळ किंवा शेकोटीपुढे पाय शेकायला बसू नये. माघात असे भाजलेले पाय मी दरवर्षी पाहतो आणि त्यातल्या एकालाही भाजताना कळलेले नसते.

चालताना उरलेल्या वाटांनी खबर मिळवावी. रात्री उठल्यावर लागणारा दिवा बाजेपासून न्हाणीपर्यंत असावा. भिंतीला बोट लावून चालण्यात कमीपणा नाही. प्रयोगांत असे दिसले आहे की एका बोटाने एक न्यूटनहून कमी, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅम वजनाइतका स्पर्श केला तरी उभ्या शरीराचे डोलणे कमी होते. त्या स्पर्शात आधार काहीच नसतो. जमिनीशी आपले नाते कसे आहे, ही खबर असते. काठीचेही तसेच. ती भार पेलण्यासाठीच असते असे मानून पुष्कळ लोक ती नाकारतात. काठीच्या टोकाने आलेला कंप हाताला मिळतो आणि तळव्याने न सांगितलेले हात सांगतो.

आता यात्रेचा विषय. कोजागरीला तुळजापूरची पायी वारी, हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर चालत जाणे किंवा पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर पंढरीची वाट धरणे, यांत अनवाणी चालण्याचा नवस असतो आणि तो सोडायला सांगणे सोपे नाही. माझे वडील अकरा वर्षांचा मधुमेह घेऊन तुळजापूरला अनवाणी गेले. परतल्यावर बाजेवर पाय पसरले तेव्हा आईला चवड्याखाली फुटलेला फोड दिसला. ते म्हणाले, "काहीच त्रास झाला नाही, आई भवानीची कृपा." पुढचे चार महिने ड्रेसिंगमध्ये गेले. तेव्हापासून मी नवस मोडा असे म्हणत नाही. पादत्राण घालून चाला आणि देवळाच्या पायरीशी जाड सुती मोजे चढवा, एवढेच सांगतो. उन्हाळ्यात दर्शन सूर्य वर येण्यापूर्वी घ्यावे, कारण मे महिन्यातली देवळाच्या आवारातील फरशी भर दुपारी बधिर तळवा मिनिटभरात भाजू शकते.

व्यायाम येथेही हवा, फक्त पादत्राण घालून आणि हाताला आधार घेऊन. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून चवड्यांवर उंच होणे, भिंतीलगत आडवे पाऊल टाकत चालणे. स्नायूंचा जोर चांगला असेल, तर खबर उशिरा आली तरी पाऊल सावरायला वेळ मिळतो. तळव्यावर जखम असताना यातले उभे राहून करायचे काहीही करू नये.

तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवावी. जाणीव शाबूत असलेल्या मधुमेहीने वर्षातून एकदा, जाणीव कमी झालेल्याने दर सहा महिन्यांनी आणि त्यासोबत पायाचा आकार बदलला असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर तीन महिन्यांनी पाय दाखवावेत. एकदा जखम होऊन भरलेल्या पायासाठी याहून कमी अंतर डॉक्टर ठरवतील. बधिर पायावर नवी जखम, फोड, पाणी येणारी भेग किंवा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेले दिसले, तर न दुखणे हे कारण सांगून दोन दिवस वाट पाहू नये; त्या पायावर भार देणे थांबवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दवाखाना गाठावा. आमच्या घरी ही वही फ्रीजवर असते. सहा जागांपुढे सहा चौकटी आहेत आणि वडिलांच्या उजव्या करंगळीपुढे गेली तीन वर्षे फुली आहे.